ग्रामसभा आणि गावकऱ्यांचा वाटा

सकाळी दहाची वेळ दिलेली असते. चावडीजवळच्या सभामंडपात सतरंजी अंथरलेली असते, टेबलावर कार्यवृत्ताची वही आणि उपस्थितीची नोंदवही मांडलेली असते. साडेदहा होतात, अकरा वाजतात. सरपंच, काही सदस्य, ग्रामपंचायतीचा शिपाई आणि पाराकडून सहज वळलेले आठ-दहा ग्रामस्थ एवढीच मंडळी जमतात. मग गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्याचे जाहीर होते आणि पुढे तहकूब सभेत तेवढ्याच लोकांसमोर विषयपत्रिका वाचली जाऊन ठराव संमत होतात. हे चित्र बहुतेकांच्या ओळखीचे आहे. गावाच्या पाण्यावर, रस्त्यावर आणि घरकुलांच्या यादीवर वर्षभर चालणाऱ्या वादाचे मूळ पुष्कळदा त्या अर्ध्या तासात असते, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात येते.

यातील कायद्याची बाजू आधी पाहू. ग्रामसभेच्या गणपूर्तीसाठी गावातील एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. चारशे मतदारांच्या वाडीला साठ माणसे पुरतात. पाच हजार मतदारांच्या गावालाही शंभरच पुरतात. तेवढीही माणसे न जमल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीचे बंधन राहत नाही. मूळ विषयपत्रिकेबाहेरचा नवा विषय अशा सभेत घेता येत नाही, एवढाच काय तो निर्बंध. ही तरतूद ठेवण्यामागे कारण आहे. माणसे जमली नाहीत म्हणून गावाचा कारभार अडून राहू नये. परंतु तिचा दुसरा अर्थही स्पष्ट आहे. जे घरी राहिले त्यांच्या वतीने जे आले त्यांनी निर्णय घेतला, आणि तो कायदेशीरच ठरला. पुढे तक्रार करणाऱ्यास ‘सभेला का आला नाहीत?’ एवढा एकच प्रश्न निरुत्तर करतो.

ग्रामपंचायत वेगळी, ग्रामसभा वेगळी

ग्रामपंचायत आणि ग्रामसभा हे दोन शब्द बोलण्यात सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. ग्रामपंचायत ही निवडून दिलेल्या सदस्यांची संस्था होय. ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीत ज्यांचे नाव आहे अशा सर्व प्रौढांची सभा. तिचे सभासदत्व कोणी देत नाही आणि कोणी काढूनही घेऊ शकत नाही. अठरा वर्षे पूर्ण झालेली, यादीत नाव असलेली प्रत्येक स्त्री व प्रत्येक पुरुष तिचा सभासद असतो. सदस्यांची मुदत पाच वर्षांनी संपते. ग्रामसभेला मुदत नाही.

बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. गावपातळीवर १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम त्याआधीच लागू होता. पूर्वी त्याच्या नावात ‘मुंबई’ होते, आता तो महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणून ओळखला जातो. ग्रामसभेचा उल्लेख त्यात प्रथमपासून असला, तरी तिला संविधानाचा आधार मिळाला तो त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने. ही दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आली. अकराव्या अनुसूचीत पंचायतींकडे सोपविण्याजोगे २९ विषय नमूद झाले: शेती, लघुपाटबंधारे, पिण्याचे पाणी, रस्ते, प्राथमिक शिक्षण, आरोग्य आणि इतर. गावकऱ्याला रोज ज्याची गरज पडते अशी क्वचितच एखादी गोष्ट या यादीतून सुटली असेल.

सभेपूर्वीचे काम

एका आर्थिक वर्षात ग्रामसभेच्या किमान चार सभा झाल्याच पाहिजेत. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती या दिवशी सभा घेण्याचा प्रघात पुष्कळ गावांत आहे. सर्वसाधारण सभेची सूचना सात दिवस आधी निघते. ती सूचना फलकावर लागते आणि दवंडीने किंवा आता ध्वनिक्षेपकाने गावभर सांगितली जाते. सूचनेबरोबर विषयपत्रिका असते, आणि खरे वाचण्याजोगे तेच असते.

ज्या ग्रामस्थास एखादा विषय सभेपुढे यावा असे वाटते त्याने सूचना निघण्याची वाट पाहू नये. सरपंचांच्या नावे साध्या कागदावर अर्ज लिहावा, विषय एका वाक्यात मांडावा, सभेने काय ठरवावे अशी अपेक्षा आहे तेही लिहावे आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. सभेच्या अखेरीस ‘आयत्या वेळचे विषय’ असतात खरे. पण त्या वेळेपर्यंत निम्मी सभा उठून गेलेली असते आणि अध्यक्षांची अनुमतीही लागते. ज्या प्रश्नात आकडे आहेत तो आयत्या वेळी मांडूच नये. नळयोजनेवर किती खर्च झाला, असे अचानक विचारल्यास ‘माहिती घेऊन सांगतो’ असेच उत्तर येणार, आणि ते उत्तर देणाऱ्याची त्यात नेहमीच लबाडी असते असेही नाही.

आकडे आधी पाहता येतात. ग्रामपंचायतीच्या दप्तराचे नमुने ठरलेले आहेत. नमुना १ हा अर्थसंकल्प, नमुना ५ ही सामान्य रोकड वही, नमुना ८ ही कर आकारणी नोंदवही आणि नमुना ९ ही कर मागणी नोंदवही. आपल्या घरपट्टीच्या संदर्भात नमुना ८ चा उतारा बहुतेकांनी कधी ना कधी काढलेला असतो. तेवढ्याच सहजतेने नमुना १ मागावा. तोंडी विनंतीने काम न झाल्यास २००५ च्या माहिती अधिकार अधिनियमाखाली दहा रुपयांचा मुद्रांक लावून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास ते शुल्कही द्यावे लागत नाही. उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत असते, म्हणून हे काम सभेच्या दीड-दोन महिने आधी हाती घ्यावे.

पहिली सभा सर्वांत महत्त्वाची

चारही सभांना सारखेच महत्त्व आहे असे कायदा म्हणेल. प्रत्यक्षात तसे नाही. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत, म्हणजे एप्रिल किंवा मे महिन्यात होणारी सभा चुकवू नये. या सभेपुढे मागील वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षात हाती घ्यावयाची विकासकामे आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची टिपणी तिला दिलेल्या उत्तरांसह ठेवावी लागते. लेखापरीक्षणातील आक्षेप हे कंटाळवाणे वाचन खरे. पण गावचा पैसा कोठे अडला आणि कोठे पावतीवाचून गेला, हे त्याहून स्पष्टपणे दुसरीकडे कोठेही लिहिलेले नसते. ते सभेत मोठ्याने वाचून दाखविण्याची मागणी कोणाही मतदाराने करावी.

जमाखर्चात काही रकमा विशेष लक्ष देऊन पाहाव्यात. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातून १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावयाची असते. ही रक्कम पुष्कळदा वर्षाअखेरीस घाईने खर्ची पडते आणि ती ज्यांच्यासाठी असते त्यांना तिची वार्ताही नसते. गावातील दिव्यांगांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी एप्रिलच्या सभेत एवढा एकच प्रश्न विचारला तरी पुढील वर्षाची यादी आधी तयार होते.

अनुदानाच्या पैशाचेही तसेच. चौदाव्या वित्त आयोगापासून केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतींकडे येऊ लागला आणि त्यासाठी २०१५-१६ पासून आपल्या राज्यात ‘आमचं गाव, आमचा विकास’ या उपक्रमाखाली गावचा आराखडा तयार करण्यात येऊ लागला. पंधराव्या आयोगाच्या काळात, २०२१-२२ पासून, या अनुदानापैकी ६० टक्के भाग पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिलेला होता आणि ४० टक्के गावाच्या इतर गरजांसाठी मोकळा होता. मोकळा म्हटले की सभामंडप, प्रवेशद्वार, फरशी ही कामे आधी सुचतात. त्यांत गैर काही नाही. पण शाळेच्या स्वच्छतागृहात पाणी नसताना गावच्या वेशीवर कमान उभी राहत असेल, तर तो निर्णय कोणत्या सभेत आणि किती लोकांसमोर झाला हे पाहिले पाहिजे. आराखड्यासाठीची ग्रामसभा साधारणतः गांधी जयंतीच्या सुमारास सुरू होणाऱ्या मोहिमेत भरते. तीत आलेली कामेच पुढील वर्षी होतात. मंजूर आराखडा आणि त्यावर झालेला खर्च ‘ई-ग्रामस्वराज’ या शासकीय संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. गावातील महाविद्यालयीन मुलामुलींनी त्याची एक प्रत काढून पारावर लावली, तर तेही कारभारातील सहभागाचे कामच झाले.

स्त्रियांची सभा

प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी स्त्री मतदारांची स्वतंत्र सभा घ्यावी, अशी आपल्या अधिनियमात तरतूद आहे. पंचायतींमध्ये स्त्रियांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा कायदा राज्यात २०११ साली झाला. त्यामुळे व्यासपीठावर स्त्रिया आल्या. समोरच्या सतरंजीवर त्या दिसत नाहीत, याची कारणे मात्र साधी आहेत. सकाळी अकराची सभा म्हणजे खुरपणीचा किंवा कापणीचा अर्धा दिवस बुडणे. मजूर स्त्रीला ते परवडत नाही. शिवाय ज्या सभेत सासरे, दीर आणि भावकीतील वडीलधारी मंडळी पुढे बसली आहेत तेथे उभे राहून बोलणे वाटते तितके सोपे नसते. महिला सभेचा उपयोग येथे होतो. पाण्याची वेळ, रेशन दुकान, अंगणवाडी, रात्रीचा दिवा, या विषयांवर तेथे ठराव करून तो लेखी स्वरूपात मुख्य ग्रामसभेपुढे ठेवावा. सभा सायंकाळी घ्यावी, असाही ठराव करण्यास कोणतीच अडचण नाही.

दारूच्या दुकानाचा प्रश्न याच संदर्भात येतो. गावातील परवानाधारक दुकान बंद करण्यासाठी २५ टक्के स्त्री मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी सह्यांची मागणी केल्यास, सह्यांच्या पडताळणीनंतर गुप्त मतदान घेतले जाते. त्यातील ‘उभी बाटली, आडवी बाटली’ ही चिन्हे आता खेडोपाडी परिचित झाली आहेत. आडव्या बाटलीला निम्म्याहून अधिक मते पडली की दुकान बंद होते. येथे एक खाच आहे आणि तीत अनेक गावांचे श्रम वाया गेले आहेत. निम्मी मते म्हणजे झालेल्या मतदानाच्या निम्मी नव्हेत. यादीतील एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक. लग्न होऊन सासरी गेलेल्या, कामासाठी शहरात असलेल्या, इतकेच काय, निधन पावूनही यादीत राहिलेल्या स्त्रियांची नावे विरोधातच गणली जातात. तेव्हा सह्या गोळा करण्याच्या आधी मतदारयादी दुरुस्त करून घेणे, हे पहिले काम होय.

ज्या गावांनी हे करून पाहिले

गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) नावाचे लहानसे गोंड गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा महाराष्ट्रभर गेली. श्री. देवाजी तोफा आणि श्री. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून येथे दोन प्रथा पडल्या. पहिली, निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घ्यावयाचा. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीला. दुसरी, अभ्यास गटाची. कायदा, जंगल, हिशेब यांवर आधी गटात बसून चर्चा व्हावयाची आणि मग ग्रामसभेत निर्णय. बाहेरून पाहणाऱ्यास ही पद्धत फार सावकाश वाटते. परंतु २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा कागदपत्रांची तयारी असलेले गाव हेच होते. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर मेंढ्याचा सामूहिक हक्क मान्य झाला, आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वन मंत्री श्री. जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ग्रामसभेच्या हाती आला.

हिवरे बाजारचे उदाहरण वेगळ्या वळणाचे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील या अवर्षणग्रस्त गावात श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यानंतर पाणलोटाची कामे झाली, हे सर्वश्रुत आहे. परंतु बंधारे पुष्कळ गावांत झाले आणि पुष्कळ ठिकाणी ते कोरडेही पडले. हिवरे बाजारने त्यापुढे जाऊन पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडण्याची रीत पाडली. पाऊस किती झाला, विहिरींची पातळी किती, माणसांना व जनावरांना किती लागेल आणि उरलेल्यात कोणती पिके घ्यावयाची, हे सभेत ठरते. शेतीसाठी विंधनविहिरी घ्यावयाच्या नाहीत, ऊस-केळी लावावयाची नाही, हे निर्बंध गावाने स्वतःच्या ठरावाने स्वतःवर घालून घेतले. दुसऱ्याने घातलेला निर्बंध मोडण्यास माणूस वाटा शोधतो; आपण हात वर करून मान्य केलेला मोडताना शेजाऱ्याकडे पाहावे लागते.

ही दोन्ही गावे लहान आहेत, हा आक्षेप रास्त आहे. आठ-दहा हजार वस्तीच्या, चार पक्ष आणि दहा वाड्या असलेल्या गावाला सर्वसहमती जमेलच असे नाही. आदिवासी भागासाठी १९९६ च्या पेसा कायद्याने यावर एक मार्ग दाखविला आहे. आपल्या राज्यातील १३ जिल्ह्यांच्या अनुसूचित क्षेत्रात एखाद्या पाड्यास किंवा वाडीस स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून स्वतःची ग्रामसभा भरविता येते. यासंबंधीचे राज्याचे नियम २०१४ साली झाले. पाड्याची सभा पाड्यावरच भरली की चार मैलांची पायपीट वाचते आणि माणसे येतात, हा साधा अनुभव आहे. इतरत्र वाडीवार किंवा प्रभागवार सभा आधी घेऊन मग मुख्य सभा भरविल्यास पुष्कळसा तोच उपयोग होतो.

सभेत बसण्याखेरीज समित्यांतून काम करण्याची वाटही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. पाणीपुरवठा व स्वच्छता समिती, आरोग्य व पोषणाची समिती, तंटामुक्त गाव समिती, या सर्वांसाठी माणसे हवी असतात. निवडीच्या दिवशी कोणी पुढे न आल्यास मागचीच नावे कायम होतात, आणि मग त्याच चार जणांनी सारे बळकावले अशी ओरड सुरू होते.

कोकणातील वाचकांसाठी एक गोष्ट सांगावीशी वाटते. मुंबईच्या चाकरमान्याचे नाव गावच्या यादीत असेल तर तो गावच्या ग्रामसभेचा पूर्ण सभासद आहे. गणपतीत आणि शिमग्यात भरलेले गाव सभेच्या दिवशी रिकामे असते. तारखा ठरविताना सरपंचांनी याचा विचार केल्यास गणपूर्तीची चिंता मिटेल. मात्र ज्याचे नाव शहराच्या यादीत आहे त्याने गावी येऊन सल्ला द्यावा, हात वर करू नये.

सभा झाल्यावर

ठराव झाला म्हणजे काम झाले असे नव्हे. ठराव कार्यवृत्तात नेमक्या शब्दांत, सूचक व अनुमोदकाच्या नावांसह लिहिला गेला किंवा नाही, हे तेथेच पाहून घ्यावे. उपस्थितीच्या नोंदवहीवर सही स्वतः, सभेच्या ठिकाणी आणि सभेच्या वेळी करावी. दुसऱ्या दिवशी घरी वही घेऊन आलेल्यास नम्रपणे नकार द्यावा. घरपोच घेतलेल्या सह्यांनी पुरी झालेली गणपूर्ती ही त्या सही करणाऱ्याचीही चूक असते. पुढच्या सभेत मागील कार्यवृत्त वाचले जाते तेव्हा, मागच्या ठरावांचे काय झाले, एवढे विचारावे. हा प्रश्न सलग तीन सभांत विचारला गेला की चौथ्या सभेला त्याचे उत्तर आपोआप तयार असते.

सभाच होत नसेल तर? पुरेशा कारणाशिवाय ग्रामसभा न बोलावणारा सरपंच पदावर राहण्यास अपात्र ठरू शकतो आणि सचिवावरही कारवाई होऊ शकते, अशी अधिनियमात तरतूद आहे. ती धमकी म्हणून वापरू नये. आधी सरपंचांकडे लेखी मागणी करावी; पुष्कळ ठिकाणी तेवढ्याने सभा भरते. न भरल्यास पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे आणि तेथूनही दाद न लागल्यास जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. अर्जावर एकापेक्षा अधिक ग्रामस्थांच्या सह्या असाव्यात, मागील सभा कोणत्या तारखेस झाली ते त्यात लिहावे आणि सरपंचांकडे दिलेल्या मागणीच्या पोचेची प्रत सोबत जोडावी.